पित्ताची कॅप्सूल आणि जठरातला जंतू

आम्लपित्तावरील लेखानंतर बरीच पत्रे आली. त्यांतले एक पत्र मी बाजूला काढून ठेवले होते. एका भगिनीने लिहिले आहे, "माझे यजमान गेली चार वर्षे रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची कॅप्सूल घेतात. घेतली की दिवस बरा जातो. एखादे दिवशी राहिली की पोटात आणि छातीत आग पडते. पोटाच्या दुखण्याला जंतू कारण असतात असे ऐकले आहे. चार वर्षे कॅप्सूल घेतल्यावर ते जंतू मेले असतील ना?"

एका शब्दात उत्तर द्यायचे तर, नाही. पण तेवढ्याने भागणार नाही. ही कॅप्सूल त्या जंतूला मारत नाही, मात्र त्याला मोकळेही सोडत नाही. ती त्याला एका जागेवरून हलवते, त्याच्यामुळे आलेली सूजही जागा बदलते, आणि काही काळ तो तपासणीतही सापडेनासा होतो. हे मी पुस्तकात वाचले होते, सभांमध्ये ऐकले होते. तरीही एका रुग्णाच्या बाबतीत मी फसलो. ती हकिगत सांगणारच आहे, कारण तिच्यात वाचकांच्या उपयोगाचे बरेच आहे. पण आधी जंतूची ओळख करून घेऊ.

या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. आपण त्याला नुसते पायलोरी म्हणू. आकाराने तो मळसूत्रासारखा पीळदार असतो आणि एका टोकाला त्याला शेपट्या असतात. जठरात रोज दीड ते दोन लिटर आम्लयुक्त रस तयार होतो. त्या रसात कोणताही जंतू तग धरू शकणार नाही, असेच वैद्यकशास्त्र वर्षानुवर्षे मानत आले होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. १९७९ साली जठराच्या तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करताना त्यांना हे पीळदार जंतू दिसू लागले, आणि जिथे जंतू तिथे सूज हेही दिसले. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर काम करू लागले. प्रयोगशाळेत हा जंतू वाढवण्याचे त्यांचे प्रयत्न मात्र फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की बश्या फेकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या तशाच उबवणीयंत्रात राहून गेल्या. सुट्टी संपवून लोक परत आले, तेव्हा जंतूंची वाढ झालेली होती. या जंतूला वाढायला वेळ लागतो, एवढीच गोष्ट होती.

तरीही कोणी विश्वास ठेवीना. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच्या जठराची दुर्बिणीने तपासणी करून घेतली, ते निरोगी असल्याची खात्री केली आणि मग जंतूंचे पाणी स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांतच त्यांना उलट्या होऊ लागल्या आणि तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. दहाव्या दिवशी पुन्हा दुर्बीण घातली, तेव्हा जठराला सूज आलेली होती. व्रण मात्र झाला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पायलोरी शिरला की सूज येतेच. व्रण मात्र काही थोड्यांनाच होतो. या दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. (असले प्रयोग वाचकांनी घरी करू नयेत, हे सांगायला नकोच!)

आता तो आम्लात जगतो कसा? त्याच्याजवळ युरिएज नावाचे विकर असते. आपल्या शरीरातील युरिया फोडून ते त्यापासून अमोनिया तयार करते. अमोनिया आम्लाला मारक असल्याने जंतूच्या भोवती जणू एक बिनआम्लाचे कवच तयार होते. त्या कवचात तो जठराच्या अस्तरावरील बुळबुळीत थरात शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. हा मुक्काम बहुधा लहानपणी सुरू होतो. दाटीवाटीची घरे, अस्वच्छ पाणी, घरातल्या घरात एकमेकांचे उष्टे खाणे, या वाटांनी तो येतो आणि औषध दिले नाही तर सहसा जन्मभर राहतो. आपल्या देशात मोठ्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या जठरात तो आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना कसलाही त्रास नाही. तेव्हा हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये.

पुढचे समजण्यासाठी जठराचे दोन भाग ध्यानात ठेवावे लागतील. वरचा मोठा, पिशवीसारखा भाग म्हणजे जठराचा मुख्य भाग. आम्ल तयार करणाऱ्या पेशी इथे असतात. खालचा, लहान आतड्याच्या तोंडाशी असलेला निमुळता भाग म्हणजे जठराचे खालचे टोक. इथे आम्ल जवळजवळ तयार होत नाही. पण वरच्या पेशींना 'आम्ल सोडा' असा हुकूम देणारे गॅस्ट्रिन हे संप्रेरक इथून निघते. म्हणजे कारखाना वर आणि कचेरी खाली.

ज्यांचे आम्ल जोमदार असते, त्यांच्या जठरात पायलोरी खालच्या टोकाशी गर्दी करतो, कारण तिथे आम्लाचा मारा कमी. साहजिकच सूज तिथे जास्त येते. सूज आली की कचेरीचा कारभार बिघडतो. गॅस्ट्रिनला आवर घालणारे संप्रेरक कमी पडते, हुकूम वाजवीपेक्षा जास्त सुटतात आणि वरचा कारखाना जास्त आम्ल ओततो. ते आम्ल पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जाते आणि तिथे व्रण होतो. आपण ज्याला अल्सर म्हणतो त्यातला मोठा हिस्सा या प्रकारचा. उपाशीपोटी दुखणे, मध्यरात्री दोन-तीन वाजता दुखण्याने जाग येणे आणि दोन बिस्किटे किंवा कपभर दूध घेतल्यावर बरे वाटणे, ही त्याची नेहमीची लक्षणे. आपल्याकडे दोष दिला जातो तिखटाला. तिखटाने जळजळ वाढेल, पण ठेचा खाऊन अल्सर होत नाही.

आता औषधांकडे वळू. घरोघरी चमचाभर खाण्याचा सोडा घेतात, किंवा गोड पांढरे-गुलाबी पातळ औषध घेतात. त्याने तयार झालेले आम्ल तासाभरापुरते मारले जाते. जंतू आणि सूज जागच्या जागी राहतात. सोडा तर रक्तदाबाच्या रुग्णाने घेऊच नये.

त्यानंतर हिस्टामिनला अडवणाऱ्या गोळ्या आल्या. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये सिमेटिडिन बाजारात आले, मागोमाग रॅनिटिडिन आणि फॅमोटिडिन. या शोधामागचे जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल मिळाले आणि ते योग्यच होते, कारण या गोळ्यांमुळे हजारो लोकांची पोटाची शस्त्रक्रिया टळली. त्याआधी अल्सरवाल्याचे पोट उघडून आम्ल वाढवणारी नस कापत असत. जुन्या रुग्णांच्या पोटावर तो उभा व्रण आजही पाहायला मिळतो. पण या गोळ्यांनी सहा-आठ आठवड्यांत अल्सर भरून यायचा आणि गोळ्या थांबवल्या की वर्षाच्या आत अर्ध्याहून अधिक जणांना पुन्हा व्हायचा. 'अल्सर म्हणजे जन्माचा सोबती' असे आमचे प्राध्यापक सांगायचे. सोबती अल्सर नव्हता, जंतू होता. या गोळ्यांचा जंतूवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. रॅनिटिडिनबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. २०१९ मध्ये त्यात एक कर्करोगकारक समजला जाणारा पदार्थ अल्प प्रमाणात आढळला. २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावले आणि आपल्या सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते २०२२ मध्ये वगळले गेले. जुन्या सवयीने ते घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून पर्याय घ्यावा.

आणि मग आली ती सध्याची लाडकी कॅप्सूल. ओमेप्राझोल १९८८ मध्ये युरोपात विकले जाऊ लागले. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही त्याचीच भावंडे. आपल्याकडे बहुतेकदा डॉमपेरिडोनची जोड देऊन विकतात. आम्ल तयार करणाऱ्या पेशीत आम्ल बाहेर फेकणारा एक पंप असतो. हे औषध त्या पंपालाच कायमचे कुलूप लावते. पेशी नवीन पंप तयार करील तेव्हाच आम्ल पुन्हा सुरू होते. म्हणून दिवसातून एक कॅप्सूल पुरते. पंप चालू असेल तेव्हाच कुलूप बसते आणि जेवणाने पंप चालू होतात, म्हणून ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते. जेवणानंतर आठवण आली म्हणून घेतली तर निम्मे काम वाया गेले.

या कॅप्सूलचा पायलोरीवर काय परिणाम होतो? प्रयोगशाळेतल्या बशीत ही औषधे जंतूची वाढ थोडी रोखतात, असे दिसले आहे. म्हणून सुरुवातीला डॉक्टरांनाही आशा वाटली होती. पण माणसाच्या जठरात नुसत्या कॅप्सूलने जंतू क्वचितच समूळ जातो. संख्या घटते, औषध थांबवले की पुन्हा भरते. महत्त्वाचा बदल वेगळाच होतो. आम्ल कमी झाले की वरच्या भागातले आम्लाचे संरक्षण ढिले पडते. खालच्या टोकाशी जंतू विरळ होतो, तिथली सूजही ओसरते. दुर्बीणवाल्या डॉक्टरांना खालचा भाग बराच बरा दिसतो. त्याच वेळी वरच्या मुख्य भागात मात्र सूज वाढते आणि अस्तरात खोलवर जाते. रुग्णाला यातले काही कळत नाही, कारण जळजळ आम्लाने होते आणि आम्ल तर बंद आहे. पोट शांत असते, पण सूज आत चालूच असते.

वरच्या भागाची सूज वर्षानुवर्षे टिकली तर काय होते? आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, अस्तर पातळ पडते. यालाच जठराच्या अस्तराची झीज म्हणतात. ब-१२ जीवनसत्त्व शोषून घेण्यासाठी लागणारा पदार्थ याच ग्रंथी तयार करतात आणि अन्नातले लोह अंगी लागण्यासाठीही आम्ल लागते. म्हणून अशा माणसाला हळूहळू पांडुरोग होऊ शकतो. शिवाय फार थोड्या जणांमध्ये, पण निश्चितपणे, ही झीज ही जठराच्या कर्करोगाच्या वाटेवरची एक पायरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच पायलोरीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले.

मग कॅप्सूलने झीज लवकर होते का? यावर मोठा वाद झाला. १९९६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. अन्ननलिकेत आम्ल उलट येण्याचा विकार असलेले दोन गट त्यात होते. नेदरलँड्समधले रुग्ण ओमेप्राझोल घेत होते, तर स्वीडनमधल्या रुग्णांची त्याच विकारासाठी शस्त्रक्रिया झाली होती. सरासरी पाच वर्षे पाठपुरावा झाला. ओमेप्राझोल घेणाऱ्यांपैकी ज्यांच्या जठरात पायलोरी होता, अशा ५९ जणांत १८ जणांच्या अस्तराची झीज झाली. शस्त्रक्रिया झालेल्या, पायलोरी असलेल्या ३१ जणांत एकाचीही नाही. आणि ओमेप्राझोल घेणारे पण पायलोरी नसलेले जे ४६ होते, त्यांत फक्त दोघांची. म्हणजे नुसत्या कॅप्सूलचा दोष कमी. जंतू आणि कॅप्सूल ही जोडी घातक, असे दिसले.

यावर आक्षेपही आले. दोन्ही गट वेगवेगळ्या देशांतले होते, कॅप्सूलवाले वयाने मोठे होते आणि कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. पुढे १९९९ मध्ये उत्तर युरोपातील देशांत चिठ्ठ्या टाकून केलेल्या तीन वर्षांच्या अभ्यासात दोन्ही गटांत तसा ठळक फरक आढळला नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर झीज किती वेगाने होते याबद्दल शंका राहू शकते, सूज वर सरकते याबद्दल नाही. ते अनेकांनी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. जंतू काढून टाकला तर ही सूज बरी होते, हेही दिसले आहे. म्हणूनच युरोपातील तज्ज्ञांच्या मास्ट्रिख्ट मसुद्यात सल्ला आहे की दीर्घकाळ कॅप्सूल घ्यावी लागणाऱ्यांची पायलोरीची तपासणी करावी आणि तो असेल तर काढावा.

आता ती हकिगत.

एसटीचे एक निवृत्त कंडक्टर माझ्याकडे आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले. नोकरीत असताना जेवणाचा पत्ता नसायचा, चहावर दिवस काढलेले. रात्री दोनला दुखण्याने उठायचे आणि बशीभर दूध पिऊन झोपायचे. मी त्यांना कॅप्सूल दिली. आठवड्यात माणूस हसायला लागला. महिनाभराने मी थांबवायला सांगितले. दोन महिन्यांनी पुन्हा दुखू लागले, पुन्हा कॅप्सूल. नंतर ते माझ्याकडे येईनातच. औषधाच्या दुकानातून परस्पर पट्टी न्यायचे. रस्त्यात भेटले की हात वर करून म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, तुमच्या कॅप्सूलवर गाडी मस्त चालू आहे!" मलाही बरे वाटायचे, हे कबूल करतो.

सात वर्षे अशी गेल्यावर मीच त्यांना आग्रहाने जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बीण तपासणीला पाठवले. अहवाल आला. आतड्याच्या तोंडाशी जुन्या भरलेल्या अल्सरची खूण, जठराच्या खालच्या टोकाला किरकोळ लाली. तिथला एक तुकडा काढून युरिएजची झटपट चाचणी केलेली. या चाचणीत तुकडा युरिया असलेल्या द्रावात टाकतात, जंतू असेल तर अमोनियामुळे रंग बदलतो. रंग बदलला नव्हता. मी त्यांना सांगितले, "जंतू नाहीत. काळजी नको. कॅप्सूल चालू ठेवा."

चूक इथे झाली. ते तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत कॅप्सूल घेत होते आणि मी त्यांना ती थांबवायला सांगितलेच नव्हते. खालच्या टोकाला जंतू विरळ झालेला असणार हे मला ठाऊक होते, तुकडा वरच्या भागातूनही घ्यायला हवा होता हेही ठाऊक होते. पण अहवालावर 'निगेटिव्ह' हा शब्द पाहिला आणि मी पुढचा विचार थांबवला. पायलोरीशिवाय त्या ठिकाणी अल्सर होण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन वगैरे. ते तसली एकही गोळी घेत नव्हते. मग अल्सर झाला कशाने, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता.

चार-पाच महिन्यांनी कट्ट्यावर त्यांना कोणीतरी सांगितले की या कॅप्सूलने हाडे ठिसूळ होतात. त्यांनी ती एका दिवसात बंद केली. तीन आठवड्यांनी एका पहाटे त्यांचा मुलगा मला बोलवायला आला. त्यांना संडासात चक्कर आली होती. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची झाली होती. नाडी जलद, तळहात पांढरेफटक. रुग्णालयात नेले तेव्हा हिमोग्लोबिन सात होते. रक्त द्यावे लागले, दुर्बिणीतून रक्तस्राव थांबवावा लागला. अल्सर जुन्याच जागी पुन्हा झाला होता.

या वेळी तिथल्या डॉक्टरांनी जठराच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही भागांतून तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीला पाठवले. रक्तस्राव चालू असतानाही झटपट चाचणी चुकू शकते, म्हणून त्यांनी तिच्यावर विसंबायचे टाळले. विकृतिशास्त्रज्ञांचा अहवाल आला, तेव्हा दोन्ही भागांत पीळदार जंतू होते आणि वरच्या भागाची सूज खालच्यापेक्षा जास्त होती. झीज सुरू झालेली नव्हती, एवढे नशीब.

मी त्यांच्या खाटेशी बसून झालेली चूक सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चेकिंगच्या वेळी बिनतिकिटाचा मागच्या सीटवर जाऊन बसला होता म्हणा की." याहून चांगले मला समजावून सांगता आले नसते.

उपचार चौदा दिवसांचे होते. दोन किंवा तीन जंतुनाशके एकाच वेळी, सोबत दिवसातून दोनदा तीच आम्ल रोखणारी कॅप्सूल. वाचक म्हणतील, पुन्हा कॅप्सूल? होय, आणि इथे ती फार मोलाची आहे. आम्ल असेल तर काही जंतुनाशके जठरात टिकत नाहीत. शिवाय आम्ल कमी झाले की जंतू जोमाने वाढू लागतो आणि वाढत असलेल्या जंतूवरच ही औषधे नीट चालतात. एकटी असताना जंतूला मारू न शकणारी कॅप्सूल जोडीदार मिळाल्यावर कामाला येते. काही वेळा बिस्मथ हे औषधही देतात. सगळ्या पोटाच्या औषधांत जंतूवर थेट घाव घालणारे हेच एक, पण तेही एकटे पुरे पडत नाही. बिस्मथमुळे जीभ आणि शौच काळी होते, लोहाच्या गोळ्यांनीही होते. त्याला घाबरायचे कारण नाही. रक्तस्रावाची काळी शौच चिकट, चकचकीत आणि उग्र वासाची असते, अशक्तपणा येतो, घाम फुटतो. संशय आला तर मात्र वाट पाहू नये, रात्री-अपरात्रीही रुग्णालय गाठावे.

कोणती जंतुनाशके, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर कात्रण घेऊन दुकानात जाणारे वाचक आहेत. आपल्या देशात जुलाबासाठी, दातासाठी, तापासाठी मनमानी जंतुनाशके खाल्ली जातात. त्यामुळे मेट्रोनिडाझोलला तर पायलोरी सर्रास दाद देत नाही आणि क्लॅरिथ्रोमायसिनलाही दाद न देणारे जंतू वाढत आहेत. निवड डॉक्टरांनीच करायची. रुग्णाचे काम एकच, चौदा दिवस एकही मात्रा न चुकवणे. तोंड कडू होते, मळमळते, पोट बिघडते. पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून अर्ध्यावर सोडले तर उरलेला जंतू पुढच्या वेळी जास्त हट्टी होतो. आमच्या कंडक्टरांनी चौदा दिवसांचा तक्ता भिंतीवर लावला आणि प्रत्येक मात्रेला जुन्या सवयीने पेनाने टोचून भोक पाडले.

उपचारानंतर जंतू गेला की नाही हे तपासावेच लागते. त्यासाठी पुन्हा दुर्बिणीची गरज नसते. श्वासाची चाचणी असते. खूण केलेला युरिया पाण्यातून प्यायला देतात, जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्यातला कार्बन श्वासात उतरतो. ज्या हत्याराने तो जगतो त्यानेच पकडला जातो. ही सोय मोठ्या शहरांत मिळते. नाहीतर शौचाच्या नमुन्यातील जंतूच्या अंशाची चाचणी करता येते. दोन्हींसाठी जंतुनाशके आणि बिस्मथ संपून किमान चार आठवडे झालेले असावेत आणि पित्ताची कॅप्सूल किमान दोन आठवडे बंद असावी. मधल्या काळात फार जळजळ झाली तर साधे पातळ औषध चालते. रक्ताची चाचणी मात्र या कामाला उपयोगी नाही. जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने 'आहे' असेच सांगत राहते. आमच्या रुग्णाची चाचणी औषधे संपल्यावर सहा आठवड्यांनी केली. या वेळचा 'निगेटिव्ह' खरा होता. आता वर्ष झाले, कॅप्सूल बंद आहे आणि रात्रीची झोप लागते.

त्यांच्या पत्नीही एकदा आल्या होत्या. म्हणाल्या, "एका ताटात जेवलो आम्ही चाळीस वर्षं. मलाही तीच चौदा दिवसांची औषधं द्या." त्यांना कसलाही त्रास नव्हता. मी दिली नाहीत. आपल्याकडे निम्म्या गावाच्या पोटात हा जंतू आहे, सगळ्यांना जंतुनाशके द्यायची म्हटले तर गुण थोड्यांना आणि औषधांना न जुमानणारे जंतू सगळ्यांच्या वाट्याला. पण ज्यांना अल्सर आहे किंवा होऊन गेला आहे, ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे, ज्यांना लोहाची कमतरता असून कारण सापडत नाही, ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा सांध्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या दीर्घकाळ घ्यायच्या आहेत, आणि ज्यांना वर्षानुवर्षे पित्ताची कॅप्सूल लागते, त्यांनी तपासणीबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावे.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या यजमानांविषयी. त्यांचे दुखणे पायलोरीचेच असेल असे नाही. छातीत आग पडणे हे आम्ल अन्ननलिकेत उलट येण्याचे लक्षण असू शकते, आणि तो विकार या जंतूमुळे होत नाही. त्याला कॅप्सूल खरोखरच लागते. एक दिवस चुकली की आग पडते, यालाही आणखी एक कारण आहे. महिनोन्महिने आम्ल दाबून ठेवले की सोडल्यावर ते काही काळ जास्तच उसळते. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आठ आठवडे कॅप्सूल देऊन थांबवली, त्यांच्यातल्या शंभरात ४४ जणांना नंतर जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला, खोटी कॅप्सूल घेतलेल्यांत शंभरात १५ जणांना. आधी कोणालाच काही नव्हते! म्हणून अशी कॅप्सूल एकदम न तोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करत न्यावी लागते. पूर्वी अल्सरमधून रक्त गेलेले असेल किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने ती मुळीच बंद करू नये. कंडक्टरांचे उदाहरण समोर आहे. हाडांबद्दल जे बोलले जाते ते अगदीच खोटे नाही. दीर्घकाळ कॅप्सूल घेणाऱ्यांत हाडे मोडण्याचे प्रमाण थोडे जास्त आढळले आहे, ब-१२ आणि मॅग्नेशियमही कमी होऊ शकते. पण गरज असलेल्याला कॅप्सूल सोडण्याचा धोका त्याहून मोठा.

तेव्हा त्यांनी यजमानांना घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. कॅप्सूलची रिकामी पट्टी आणि घरातल्या इतर सगळ्या गोळ्या, गुडघ्याच्या, डोक्याच्या, हृदयाच्या, एका पिशवीत घालून न्याव्यात. वजन घटले आहे का, घास अडकतो का, शौचाला कधी काळी झाली का, घराण्यात कोणाला जठराचा कर्करोग होता का, हे आठवून ठेवावे. यांपैकी काही असेल तर दुर्बीण तपासणी लांबवू नये. पायलोरीची चाचणी सांगितली गेली तर "कॅप्सूल किती दिवस आधी थांबवू?" हा प्रश्न आपण होऊन विचारावा, आणि दुर्बीण घालायची असेल तर तुकडे दोन्ही भागांतून घेणार का, हेही विचारायला संकोच करू नये. डॉक्टरांनाही आठवण करून दिलेली बरी असते.